मानाचं बोलावणं

माझा मोठा भाऊ जळगावात एकटा राहतो. त्याने एकटं राहू नये, असं डॉक्टरांनी त्याच्यासमोर आणि माझ्यासमोर सांगितलेलं आहे. काचबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्याला तेव्हाच कडेचं दिसत नव्हतं, साखर कधी वर तर कधी खाली. त्याची एकुलती एक मुलगी धुळ्याला देवपुरात राहते. तिच्याकडे खालच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. त्याला न्यायची तिची तयारी होती, जावई माणूस चांगला आहे, आणि भावाचीही जायची इच्छा होती, हे मी शपथेवर सांगेन. तरी तो गेला नाही. का गेला नाही ते सांगायला लागले की लोक हसतात. म्हणून लिहिते आहे.

आधी हे सांगते की माझा भाऊ वाईट माणूस नाही. भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात त्याने नोकरी केली, निवृत्त झाल्यावर जळगावला आला. दारू नाही, पत्ते नाहीत, घरात आवाज चढवणं नाही. वडील गेले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. ते त्याने केलं आणि पुन्हा कधी ते बोलून दाखवलं नाही. अशा माणसाचं म्हातारपण बरं जायला हवं होतं.

त्याला एक सवय आहे. भरताची वांगी घेताना आपण प्रत्येक वांगं फिरवून बघतो, कुठे कीड लागलेली नाही ना. तो माणसांचं वागणं तसं बघतो. कोणी नमस्कार केला तर आधी कोणाला केला ते बघायचं. कोणी जेवायला बोलावलं तर कधी बोलावलं, कोणाला पाठवून बोलावलं, किती वेळा म्हटलं. हिवाळ्यात त्यांच्या ऑफिसातली मंडळी कोणाच्या तरी शेतात भरीत पार्टी करायची. एका वर्षी त्याला आदल्या दिवशी संध्याकाळी निरोप आला. तो गेला नाही. वहिनीने विचारलं तर म्हणाला, "कोणीतरी गळालं असेल. वांगी जास्त झाली म्हणून आपली आठवण आली." पुढच्या वर्षी त्यांनी आठवडाभर आधी सांगितलं. तेव्हा म्हणाला, "मागच्या वर्षीची भरपाई करताहेत." त्यानंतर त्यांनी बोलावलंच नाही. तेव्हा मात्र त्याने काहीच म्हटलं नाही. फक्त मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी.

लोक म्हणतात, स्वभावच तसा. मला हा शब्द आवडत नाही. स्वभाव म्हटलं की कोणाची जबाबदारी राहत नाही. मी जळगावातच मिरची कांडपाचं दुकान चालवते, शेजारी पिठाची चक्की आहे. तिथे बायका तासन्‌तास बसतात आणि घरचं सगळं बोलतात. इतक्या वर्षांत मी एवढं शिकले की माणूस एक गोष्ट रोज मनात घोळवतो, आणि मग ती घोळवायला त्याला कारणही लागत नाही. मी लहानपणीचं खूप आठवून पाहिलं. कोणी त्याला मारलं, घालूनपाडून बोललं, ताटावरून उठवलं, असं काही नाही. घरात पहिलं ताट त्याचंच असे. कदाचित त्यामुळेच असेल. मला माहीत नाही.

आमचं मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात. तिथे सगळ्या भाऊबंदांची कानबाई एकत्र बसायची. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांना रोट म्हणतात. रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ असे मोजतात. बायकांच्या नावाची मूठ नसते. रोट फक्त त्या कुळातल्या माणसांनी खायचे, शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीला आमच्याकडे ते चालत नाहीत, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. शेतं वाटली, घरं वाटली, कोर्टात दावे चालू असले, तरी रोट एकत्र असतात. रोट वेगळे करणं म्हणजे शेवटची गाठ सोडणं.

एका वर्षी मी कानबाईसाठी माहेरी आले होते. भावाची मुलगी तेव्हा शाळेत होती. आमची काकू, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, ओसरीवर सुपात गहू घेऊन बसली. मोठ्यापासून लहानापर्यंत एकेकाचं नाव घेऊन मूठ टाकायची रीत. वडील गेलेले, म्हणजे आधी काका, मग माझा भाऊ, मग चुलतभाऊ, त्यांची मुलं. काकूने नवऱ्याची मूठ टाकली आणि त्याच झोकात आपल्या मुलाची टाकली. घरातलं एकामागून एक आलं असणार तिच्या मनात. मग माझ्या भावाचं नाव घेतलं.

भाऊ खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "काकू, राहू द्या. माझी मूठ मी माझ्या घरी धरतो."

काकूला आधी कळलंच नाही. मग तिने सूप खाली ठेवलं. "अरे भाऊ, मी म्हातारी, मनं ध्यान ऱ्हायनं नही. मूठ मांगेपुढे व्हयनी, त्यामा काय शे? तू मोठाच शे."

"मोठा आहे ना? मग झालं," तो म्हणाला आणि आत जाऊन पिशवी भरू लागला. वहिनी चुलीपाशी होती, हाताला पीठ लागलेलं. ती तशीच बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं आणि हात धुवायला गेली. त्यावरून मला समजलं की तिला याची सवय झालेली आहे.

पुढच्या वर्षापासून त्याने रोट वेगळे केले. मुलगा नव्हता, म्हणजे एका पुरुषाचे रोट. सव्वा मूठ गहू. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वहिनी चौरंग मांडायची, नारळ सजवायची, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर सगळं करायची आणि तिघं जण बसून ते खायची. शेजारपाजारच्या घरांत तीस-चाळीस माणसांचे रोट, ढोल, फुगड्या. यांच्या घरी दार लोटलेलं. काकू पुढे दोनदा भुसावळला येऊन गेली. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, गाडीत बसवून दिलं. ती वारली तेव्हा गावातल्या तिसऱ्याच माणसाने फोन केला, चुलतभावाने नाही. चुलतभाऊ त्या वेळी आईच्या उशाशी बसलेला होता. भाऊ भेटायला दारावरही गेला नाही.

हे सगळं चालत होतं ते वहिनीमुळे. वहिनी म्हणजे त्याच्या आणि जगाच्या मधली खिडकी होती. ती माझ्या दुकानात यायची, मिरची कांडायच्या निमित्ताने, आणि तोंडाला पदर धरून हळूच सांगायची, "बाई, उद्या तुमच्या भावाला एक फोन करा. बोलावलं होतं असं म्हणा. मी सांगितलं म्हणू नका." असं तिने किती जणांना सांगितलं असेल. मुलीच्या लग्नात व्याह्यांच्या घरी ती आधी जाऊन आली, कोणी कोणाला टोपी-उपरणं आधी द्यायचं ते ठरवून आली आणि नवऱ्याला कळू दिलं नाही. लग्न निर्विघ्न पार पडलं. भावाला वाटलं, माणसं समजूतदार मिळाली.

मी एकदा तिला म्हटलं, "वहिनी, त्याला एकदा पडू द्या ना तोंडावर. कळेल."

ती म्हणाली, "पडायचे नाहीत ते. उभेच राहतील, एकटे."

दोन वर्षांपूर्वी ती गेली. पोटाचं दुखणं होतं, आणि तेही तिने उशिरा सांगितलं. ती गेल्यावर लोक भेटायला आले. भावाने कोण कोणत्या दिवशी आलं ते लक्षात ठेवलं. वर्षभरात फोन कमी झाले. खिडकी बंद झाल्यावर बाहेरच्यांना आत कोण आहे ते कळेना, आणि आतल्याला वाटलं की बाहेर कोणी नाहीच.

त्या श्रावणात मला वाटलं की आता तो कानबाई मांडणार नाही. पण त्याचा फोन आला, "गहू दळून ठेव." मी दळले. रविवारी जाऊन सगळा स्वयंपाक केला. नारळाची नथ त्याने स्वतः लावली, त्या डोळ्यांनी. किती वेळ लागला. आरती झाली, नैवेद्य झाला आणि तो जेवायला बसला. पुरणाचे रोट ताटात. मी समोर बसले होते. मला ते चालत नाहीत. त्याच्या मुलीलाही चालत नाहीत. या कुळातलं, या रोटांना हात लावू शकेल असं दुसरं माणूस त्या घरात नव्हतं. तो खात राहिला. साखर वाढेल म्हणून मी बोलले तर म्हणाला, "उरवायचे नसतात." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच खाल्ले. तिसऱ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण असतं? मी म्हटलं, कोणी नाही. तेव्हाच त्यांनी ते सांगितलं, एकटं ठेवू नका.

माझ्याकडे तो राहणार नाही हे मला माहीत होतं. खाली दुकान, दिवसभर मिरचीचा खकाणा, वर जायला उभा जिना. शिवाय बहिणीच्या सासरी जाऊन राहायचं. मी विचारलं तर तो हसला नुसता. लेकीचं घर तरी काय वेगळं, पण लेकीबद्दल तो तसं म्हणाला नाही. एक दिवस आपणहून विचारलं, "धुळ्याला पाण्याचं कसं आहे हल्ली?" मग विचारलं, देवपुरातून दवाखाना किती लांब आहे. मी काय समजायचं ते समजले.

भाचीला फोन केला. तिला आनंद झाला. तिने खालची खोली धुऊन काढली, संडासात धरायला दांडा बसवून घेतला, खिडकीला जाळी लावली. मला फोटो पाठवले. म्हणाली, "आत्या, आता नानांना म्हणा, या." मी म्हटलं, मी म्हणून उपयोग नाही. तू म्हणूनही नाही. जावयाने स्वतः येऊन न्यायला हवं, समोर उभं राहून म्हणायला हवं. ती म्हणाली, "ते येतील की. त्यांचं काही नसतं."

खरंच त्याचं काही नसतं. जावई नरडाण्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो. साधा माणूस, बोलायला कमी. त्याने सुट्टीच्या दिवसाची वाट पाहिली नाही. लवकर व्हावं म्हणून सकाळची ड्युटी संपल्याबरोबर नरडाणा स्टेशनवर आला, तिथून गाडी धरून थेट जळगाव. मी मुद्दाम भावाकडे जाऊन बसले होते. दारात तो उभा राहिला, खांद्याला डब्याची पिशवी, कारखान्याचा शर्ट, हातात स्टेशनबाहेरून घेतलेली डझनभर केळी. जळगावात केळी आणली हे पाहून मला हसू आलं. पाया पडला. म्हणाला, "नाना, घरी चला. आम्ही वाट बघतोय सगळे."

भावाने त्याला बसवलं. मी चहा टाकला. आतून ऐकत होते. भाऊ अगदी प्रेमाने विचारत होता.

"आज ड्युटी होती का?"

"हो, सकाळची होती."

"मग घरी जाऊन आलात?"

"नाही, घरी गेलो असतो तर रात्र झाली असती. सुटलो तसा स्टेशनवर आलो, गाडी लागलेलीच होती."

"बरं झालं," भाऊ म्हणाला. मी चहाचं पातेलं खाली उतरवलं. मला त्याचा आवाज ओळखता येतो.

चहा झाला. भाऊ म्हणाला, डोळ्यांची एक तपासणी राहिली आहे, ती झाली की बघू. जावयाला वाटलं, तपासणी झाली की येतील. तो समाधानाने उठला. भाऊ दारापर्यंत गेला नाही, खुर्चीतूनच हात वर केला. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले. तो म्हणाला, "आत्या, आठ दिवसांत होईल ना तपासणी? मी रविवारी गाडी सांगून ठेवतो."

परत आले तर भाऊ तसाच बसलेला. मी विचारलं, काय झालं?

"काही नाही. परस्पर आला."

"परस्पर म्हणजे?"

"घरून निघाला नाही तो. मला न्यायला म्हणून कोणी घरातून पाऊल बाहेर टाकलं नाही. सकाळी पोरीने डबा हातात दिला आणि म्हणाली असेल, येताना जमलं तर नानांना पण घेऊन या. तू वाण्याकडून साखर आणायला सांगतेस ना, तसं."

मी त्याला सगळं सांगितलं. शिफ्ट, गाडीची वेळ, उभ्याने केलेला प्रवास, धुतलेली खोली, दांडा, जाळी. त्याने प्रत्येक गोष्ट ऐकून घेतली. मध्ये बोलला नाही. मी थांबल्यावर म्हणाला, "तू सांगतेस ते खरं असेल. पण माणूस निघतो कुठून त्यावरून कळतं." मी म्हटलं, "भाऊ, तुला डोळे नाहीत, तुला जायचं आहे, तू तिथे सगळ्यांना हवा आहेस." तो म्हणाला, "हवा असतो तर घरून आला असता."

इथे लोक हसतात. मलाही कोणी दुसऱ्याच्या घरचं म्हणून सांगितलं असतं तर मी हसले असते.

रविवारची गाडी मी फोन करून थांबवली. पावसाळा तसाच गेला. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी जायचे, एका बाईला स्वयंपाकाला लावलं. तिने दुसऱ्या महिन्यात काम सोडलं. ती चप्पल काढताना त्याच्याकडे पाठ करते, असं त्याचं म्हणणं होतं. मग डबा लावला. एके दुपारी त्याने स्वतः चहा करायला घेतला आणि शर्टाची बाही पेटली. शेजाऱ्यांना वास आला म्हणून निभावलं. हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यातून आल्यावर तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. असे दोन-तीन दिवस गेले. मी पट्टी बदलत होते तेव्हा म्हणाला, "पोरीला सांग. येतो म्हणावं."

सत्तरीला टेकलेल्या माझ्या भावाने आयुष्यात कधी कोणाला "येतो" असं आपणहून म्हटल्याचं मला आठवत नाही. मी पट्टी अर्धी ठेवून बाहेर ओट्यावर आले आणि भाचीला फोन लावला. तिला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल.

ती रडली नाही. मग म्हणाली, "हे त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"हो. आत्ता."

"मला का नाही सांगितलं?"

मला समजेना. मी म्हटलं, अगं, त्याचा हात भाजलाय, तो पडून आहे. ती म्हणाली, "फोन पलंगावरच असतो त्यांचा. आत्या, तुम्ही रागावू नका. मी काही म्हणत नाही. पण हे त्या दिवशी ड्युटी करून, उभ्याने प्रवास करून आले. नाना दारापर्यंत उठले नाहीत. यांनी मला एका शब्दाने सांगितलं नाही. मीच विचारून काढलं. कुठे बसवलं, काय म्हणाले, सोडायला कोण आलं. तेव्हा कळलं."

"नवऱ्याला वाईट वाटलं का?"

"त्यांना कळतच नाही. मला कळतं ना."

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शांत, खालच्या पट्टीत, कोणाबद्दल तक्रार नसलेला.  तिच्या आईने जगभर फिरून त्याची शिवण घातली, आणि पोरगी घरात बसून बापाकडून उसवायचं शिकत होती. आम्हा कोणाला दिसलं नाही. कानबाईच्या दिवशी दार लोटून तिघं जेवायची, त्या तिघांत एक तीच होती.

ती पुढे म्हणाली, "एकदा त्यांना स्वतः मला फोन लावू दे. 'मला ने' एवढं म्हणू दे. मी त्याच दिवशी गाडी घेऊन येते. माझा शब्द आहे."

आत जाऊन मी भावाला सांगितलं. थोडं गोड करून सांगितलं, वहिनी सांगायची तसं. म्हटलं, ती म्हणते नानांच्या तोंडून ऐकायचं आहे. मला ते वहिनीसारखं जमत नाही, त्याला लगेच कळलं.

"म्हणजे बापाने लेकीला हात जोडायचे."

"हात नाही रे जोडायचे. फोन करायचा."

"तू सांगितलंस ना, येतो म्हणून? मग आता तिचं काम आहे."

मी फोन लावला आणि त्याच्या कानाला धरला. त्याने चेहरा फिरवला. मी स्पीकरवर टाकला, पलंगावर ठेवला आणि मध्ये बसले. दोघंही लाइनीवर. आधी भाची बोलली. "आत्या, विचारा त्यांना, जेवलेत का?"

भाऊ माझ्याकडे बघत म्हणाला, "सांग, जेवलो."

"हाताची आग कमी आहे का विचारा."

"कमी आहे म्हणावं."

"औषध कोण लावतं?"

"तूच लावतेस, सांग तिला."

असं बराच वेळ चाललं. दोघांना एकमेकांचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. ती प्रश्न संपू देत नव्हती, आणि त्याचा चांगला हात चादरीची कड चुरत होता. एक शब्द कोणीतरी सरळ बोलला असता तर झालं असतं. मी दोघांनाही म्हटलं, आता मी बोलणार नाही, तुम्ही बोला. मग कोणीच बोललं नाही. शेवटी ती म्हणाली, "ठेवते आत्या." आणि ठेवला.

त्यानंतर मी धुळ्याला जाऊन आले. तिच्यासमोर बसले. तिने मला जेवायला वाढलं, आग्रह केला, खोली उघडून दाखवली, पलंगावर नवी चादर होती. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर आत्ता, बसने जाऊ, त्याला घेऊन येऊ. ती म्हणाली, "मी आले आणि त्यांनी तपासणी राहिली आहे म्हटलं तर? यांच्या डोळ्यांदेखत मीही रिकामी परत येऊ?" जावई बाजूला बसून होता. तो म्हणाला, मी जातो ना पुन्हा, काय होतं. ती त्याला म्हणाली, "तुम्ही नाही जायचं." तो उठून बाहेर गेला. त्या माणसाला या घरात काय चाललं आहे ते अजून समजलेलं नाही, आणि समजलं नाही तर बरं.

मी बसने परत आले. पारोळ्याच्या आसपास मला एकदम इतका थकवा आला की शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? मला राग कोणाचा करायचा तेही ठरवता येत नव्हतं. आजार असता तर औषध आणलं असतं. भांडण असतं तर मिटवलं असतं. इथे दोघंही एकमेकांवर जीव टाकत होती आणि दोघंही दुसऱ्याने किती टाकला ते बघत बसली होती.

दिवाळीनंतर त्याचा दुसरा डोळाही जवळजवळ गेला. आता त्याला उजेड कुठे आहे एवढं कळतं. मी एक माणूस दिवसभरासाठी ठेवला आहे, तो किती दिवस टिकेल सांगता येत नाही. गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली की खालच्या खोलीत तिने लहान मुलांची शिकवणी सुरू केली आहे. बाकं टाकली, फळा लावला, पलंग वर नेला. खोली किती दिवस अशीच ठेवायची, असं ती म्हणाली.  मग हळूच म्हणाली, "त्यांनी विचारलं तर सांगा. आपणहून नका सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाकडे गेले. तो दाढी करून, स्वच्छ कपडे घालून खुर्चीत बसलेला होता. मी चहा दिला, कप त्याच्या बोटांत नीट बसवला. त्याने घोट घेतला आणि विचारलं, "फोन होता का तिचा?"

"होता."

"न्यायचं काही म्हणाली?"

माझ्याने खोटं बोलवलं नाही. वहिनी बोलली असती. मी म्हटलं, "नाही."

त्याने कप मांडीवर टेकवला. मग त्याचे खांदे सैल झाले आणि चेहऱ्यावर असं समाधान आलं की मी ते कधी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं, मुलगी झाली तेव्हाही नाही. "मी काय म्हणत होतो तुला?" तो म्हणाला. आणि उरलेला चहा त्याने अगदी चवीने घेतला.